एकादशीचा डबा

१

ज्येष्ठ वद्य एकादशीनंतर हिंमतराव चौधरी मरणाच्या उंबरठ्यावरून परत आले, तेव्हा रनाळे गावात कोणालाही त्यात वावगे असे काही दिसले नाही. उपवासाच्या पोटी काहीतरी बिघडलेले गेले, उलट्या-जुलाबांनी माणूस पार गळून गेला, नंदुरबारच्या रुग्णालयात काही दिवस सलाईन लागले आणि ईश्वरकृपेने गृहस्थ घरी आला. एवढीच ती हकीकत होती. घरोघर सांगून सांगून ती जुनीही झाली होती.

आषाढ लागल्यावर एका सकाळी ती पुन्हा ताजी झाली. स्नान करून ओट्यावर आलेल्या हिंमतरावांनी पंचाने डोके पुसले. पंचा खाली घेतला, तेव्हा त्यात केसांचा पुंजका होता. गोंधळून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. हातातही केस आले. सत्तरीतही दाट राहिलेले ते शुभ्र केस, कसलीही वेदना न होता, मुळासकट सुटून येत होते.

त्यांची कन्या मयूरी समोरच उभी होती. ती जीवरसायनशास्त्रज्ञ, नंदुरबारच्या एका महाविद्यालयातील संशोधन प्रयोगशाळेची प्रमुख. तिने पंचा हातात घेतला, एक केस उजेडात धरून त्याचे मूळ पाहिले, आणि ती होती तिथेच खाली बसली. एरवी घरात अहिराणी बोलणारी मयूरी त्या क्षणी पुस्तकी मराठीत बोलू लागली.

"आप्पा, ते शिळं अन्न नव्हतं. केसाच्या मुळाशी पेशी सतत दुभागत असतात, म्हणून केस वाढतो. तुमच्या शरीरात कोणीतरी ते दुभागणं थांबवलं होतं. आधी आतड्यात थांबलं, म्हणून ती ओकारी. आता केसांत दिसतंय. हे विष आहे. मी ओळखते ते. मी त्याच्यावरच काम करते."

तिची आई भिकुबाई दारात आल्या होत्या, त्या चौकटीला धरून राहिल्या. मयूरीचा धाकटा भाऊ हेमकांत केळीच्या बागेत निघाला होता. तो अंगणातून मागे फिरला.

"ताई, तू शिकेल शे, आम्ही आडानी," तो हळूच म्हणाला. "पन एक सांग. आप्पानी त्या दिनले सांजले जे खादं, ते कोना डबामजारनं व्हतं?"

उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. तो डबा तिचा होता.

२

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे वत्सलाबाई राहत. हंगाम नसतानाही त्या गल्लीत शिरणाऱ्या पाहुण्याला पहिला ठसका बसतो, मग तो बोलतो. बाई संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. न्यायशास्त्राचे, म्हणजे प्राचीन तर्कविद्येचे, अध्ययन त्यांनी तरुणपणी श्रद्धेने केले होते. हेतू कोणता आणि हेतूचा केवळ आभास कोणता, हे पारखण्याची सवय त्यांना त्यातून जडली होती. गावातले लोक त्यांच्याकडे हरवलेल्या वस्तू आणि दुरावलेली माणसे घेऊन येत. बाईंपुढे खोटे टिकत नाही, कारण बाई घाई करत नाहीत, असे लोक म्हणत.

मयूरी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. ती पुण्याला शिकली, हैदराबादेत तिने संशोधन केले, परदेशातही राहून आली. मात्र इतक्या वर्षांत तिने प्रश्न एकच विचारला: दुभागण्याची वेळ झाली, हे पेशीला कळते कसे? त्या प्रश्नाच्या मागे मागे ती पुन्हा नंदुरबारला आली. कारण त्याची एक किल्ली सातपुड्याच्या रानात उगवते.

"बाई, मला सक्तीच्या रजेवर पाठवलंय," ती म्हणाली. "विष माझ्या प्रयोगशाळेतलं, डबा माझा, वडील माझे. पोलिसांनी जबाब घेतलाय. श्रावणाच्या अखेरीस चौकशी समिती बसेल. तोपर्यंत दुसरं नाव निघालं नाही, तर आजवरचं सगळं काम गेलं आणि वर गुन्हाही लागेल."

"आणि वडील?"

मयूरीने मान खाली घातली. "ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. बोलत काहीच नाहीत. मी पेला पुढे केला की 'ठेव तठे' म्हणतात, आणि मी गेल्यावर माय दुसरा भरून देते."

हेच खरे दुखणे आहे, हे बाईंनी जाणले.

"पेशी दुभागताना तुला काय दिसते, ते मला सांग."

प्रश्न अनपेक्षित होता. पण मयूरीचा चेहरा उजळला. "पेशीच्या मध्यभागी गुणसूत्रं रांगेत उभी राहतात. दोन्ही टोकांकडून अतिसूक्ष्म दोर येतात आणि प्रत्येक सूत्राला दोन्ही बाजूंनी धरतात. शेवटचं सूत्र दोन्हीकडून बांधलं जाईपर्यंत एक प्रथिन सगळ्यांना थोपवून धरतं. माझं आयुष्य त्या एका प्रथिनावर गेलंय."

"द्वारपाल."

"द्वारपालच. त्यानं घाईनं दार उघडलं, तर दोन्ही नव्या पेशी सदोष निपजतात. आणि कळलावीच्या कंदातलं विष ते दोरच बनू देत नाही. मग पेशी दाराशी उभी राहते आणि तिथेच मरते."

"कळलावी. आमच्या ग्रंथांत तिला लांगली म्हणतात. कंद नांगरासारखा असतो, म्हणून." बाईंनी चष्मा पुसला. "ज्याला विष पचवायचे असते, तो 'हे विष आहे' असे आपल्या तोंडाने सांगत नाही. सगळे शिळ्या अन्नावर समाधानी असताना तू ते सांगितलेस. म्हणून माझ्या मनात तुझ्याविषयी शंका नाही. पण ते झाले माझे अनुमान. समितीला ते पुरायचे नाही, आणि तुझ्या वडिलांना तर नाहीच. आपणही त्या द्वारपालासारखे वागू. शेवटचे सूत्र बांधले जाईपर्यंत कोणावर बोट ठेवायचे नाही."

३

प्रयोगशाळा जुन्या कौलारू इमारतीत होती. तिथे दोन माणसे भेटली: मयूरीचे सहकारी डॉ. योगेंद्र, ज्यांच्याकडे आता प्रमुखपदाचा तात्पुरता कारभार होता, आणि संशोधक विद्यार्थिनी स्वप्नाली.

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीत कोरलेले एक फडताळ होते. "सगळ्यांचे डबे इथे," स्वप्नाली म्हणाली. "आत खाण्याचं काही न्यायचं नाही, हा मॅडमचा पहिला नियम. दार नाही, कुलूप नाही. येता-जाता कोणीही हात घालावा."

"तुझा हात गेला होता का?"

स्वप्नाली चपापली, मग तडकली. "बाई, मॅडमनी माझा प्रबंध दोनदा परत केला, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. राग आला होता. रडले पण. म्हणून काय इख घालीन?" रागात तिची बोली वर आली होती. "त्या दिवशी मॅडम तर जेवल्याच नाहीत. दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. एक पेशी दुभागायला तयारच होत नव्हती. मी दोनदा हाक मारली, तर म्हणाल्या, 'थांब, शेवटचं सूत्र राहिलंय.'"

व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक गोणी टेकवून ठेवलेली होती. कळलावीचे कंद, धडगावचा आमशा ते रानातून खणून सामायिक जीपने पाठवतो, असे स्वप्नालीने सांगितले. बाईंनी एक कंद पाहायला मागितला. दोन फाटे असलेला, फिकट तपकिरी सालीचा, खरोखर नांगरासारखा. मधला भाग मात्र सोलला तर कोणत्याही सभ्य कंदमुळासारखा दिसला असता.

"ह्याचे तुम्ही काय करता?"

"हातमोजे घालून मीच चिरते. मधला भाग अर्क काढायला. टोकं वेगळी काढून जाळते. शुद्ध भुकटीची जुनी बाटली वैशाखातच संपली; नवी कपाटात आहे, पण तिचं सील अजून फोडलेलं नाही, पोलिसांनी पाहिलं."

डॉ. योगेंद्र शांत, नीटनेटके गृहस्थ होते. "मयूरी मॅडमविषयी मला अपार आदर आहे," ते म्हणाले. "त्यांनी हे केलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण विज्ञानात भावनेला जागा नसते, बाई. वस्तुस्थिती त्यांच्या विरुद्ध जाते."

"आपण हे कंद हाताळता का?"

"मी? छे. माझं सगळं काम बाटलीतल्या भुकटीवर. कच्चा कंद मी कधी हातातही घेतलेला नाही."

भिंतीवर दुभागणाऱ्या पेशींची मोठी छायाचित्रे लावलेली होती. खाली योगेंद्रांचे नाव. बाईंना त्यातले शास्त्र कळत नव्हते. रांगोळ्या पाहाव्यात तशी त्या ती चित्रे पाहत होत्या. एका चित्रापुढून त्या दुसऱ्यापुढे गेल्या, पुन्हा पहिल्याकडे आल्या, आणि मान तिरकी करून हसल्या.

"ही दोन्ही एकच रांगोळी वाटते मला. एक उलटी धरलेली."

"नाही नाही," योगेंद्र लगबगीने म्हणाले. "वेगवेगळ्या प्रयोगांतली आहेत. नवख्या डोळ्याला सारख्या दिसतात. चला, माझ्याकडे चहा घेऊ."

त्यांची राहण्याची खोली प्रयोगशाळेच्या मागेच होती. चहा होईपर्यंत बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. कौलांची पागोळी पडून खिडकीखालची माती भुसभुशीत झाली होती. रानगवत उगवले होते, आणि गवतातून बोटाएवढे दोन कोंब, एकमेकांच्या अगदी शेजारी, वर आले होते. त्यांची पाने अरुंद होती.

"साखर किती, बाई?" मागून आवाज आला.

"जशी आपल्या घरची रीत असेल तशी," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

४

रनाळ्याला बाई एकट्याच गेल्या. हिंमतराव खाटेवर बसले होते. डोक्याला रुमाल गुंडाळला होता. त्याखाली आता काही उरले नव्हते. मोठ्या मानाचा शेतकरी, पण नजर उचलत नव्हता.

"मास्तरीणबाई, मन्ही पोर वाईट नई शे," ते आपण होऊन म्हणाले. "मी तिले कोर्टमा उभी करनार नई. पन काय करू? तिन्हा हातनं पानी गळाखाले उतरत नई."

"त्या संध्याकाळचे मला सांगा."

"सांगाले काय शे? ती कामवरथीन उनी. डबा भरेलना भरेल. मी म्हन्तं, एकादशीनं फराळनं टाकानं नई, दुसरा दिनले खावानं नई. आन इकडे. मी आनि ती, आम्ही दोन्हीच एकादशी करतस. ती लहानी व्हती तव्हयपासून. डबा उघाडा. देखं तं काय, पोरनी मन्हासाठे रताळं सोलीसन ठेयेल! माले इतलं बरं वाटनं ना बाई. म्हन्तं, इतली मोठी शास्त्रज्ञ, बापले रताळं सोलीसन देस. जरासं कडू लागनं. पन पोरनी सोलेल शे म्हनीसन मी मुकाट खाई लिन्हं."

बाईंनी हातातली काठी जमिनीवर टेकवली.

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलेत?"

"ते कसाले सांगू? ती तं बापलेकीनी गोष्ट शे."

स्वयंपाकघरात भिकुबाई मिरचीचे देठ खुडत होत्या. स्वतःला साखरेचा आजार असल्याने त्या उपवास धरत नसत; हेमकांतचा देवाधर्माशी संबंध कीर्तनाच्या जेवणापुरता. म्हणजे त्या दिवशी रताळे घरात दोघांपुरतेच उकडले होते.

"भिकुबाई, रताळी उकडण्यापूर्वी तुम्ही सोलता, की नंतर?"

"व माय!" भिकुबाईंच्या हातचे देठ थांबले. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या असाव्यात. "रताळं सोलीसन कोन उकाळस? आनि उकाळीसन बी मी कसाले सोलू? सालसगट डबामा टाकतस, जो खास तो सोलस. पोरेसना आप्पा तं साल बी खाई जातस! मास्तरीणबाई, तुम्ही पोथीवाल्या, तुम्हले चुल्हानं काय म्हाईत!"

"खरे आहे," बाई नम्रपणे म्हणाल्या. "त्या दिवशी मयूरीच्या डब्यातही सालीसकटच?"

"सालसगटच. लाल साल. मी मन्हा हातनी भरं."

परतीच्या जीपमध्ये बाई डोळे मिटून बसल्या होत्या. भिकुबाईंनी सालीसकट दिले. हिंमतरावांना सोललेले मिळाले. बापाला वाटले, मुलीने सोलले. कोणी कोणाला विचारले नाही, कारण प्रेमाने केलेल्या गोष्टीची विचारपूस त्या घरात होत नसते. मधे सारा दिवस तो डबा कुलूप नसलेल्या फडताळात होता.

आणि मयूरीने त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता.

म्हणजे ज्याला मारायचे होते, ते हिंमतराव नव्हेत.

५

बाईंनी हे सारे मयूरीला सांगितले. मग ती म्हणाली, "मी सूक्ष्मदर्शकावरून उठले असते, तर..."

"तर तू गेली असतीस. तुझ्या एकाग्रतेने तुला राखले, आणि तुझ्या वाटचे तुझ्या वडिलांनी खाल्ले. आता खरे सांग. तू कोणाचे काय अडवून धरले आहेस?"

"कोणाचंच नाही."

"मयूरी, मला त्या दोन रांगोळ्या एक दिसल्या. तुला दिसल्या नसतील?"

मयूरी हळू आवाजात बोलली. "ज्येष्ठाच्या सुरुवातीला दिसल्या. एकच छायाचित्र, फिरवून दोन प्रयोगांत वापरलेलं. मी योगेंद्रांना मूळ काचपट्ट्या दाखवायला सांगितल्या. मुदत दिली. बाहेर कोणाला बोलले नाही. माणसाकडून चूकही होते ना, बाई? पुरावा हाती येण्याआधी एखाद्याचं नाव कसं घ्यायचं?"

"तुमच्या शास्त्राची रीत तू पाळलीस. त्याला मात्र तेवढा अवधी पुरला." बाई उठल्या. "हेतू मिळाला, पण हेतू म्हणजे प्रमाण नव्हे. स्वप्नालीलाही राग होता. फडताळ सर्वांना उघडे होते, गोणीही. आपले शेवटचे सूत्र अजून सुटे आहे."

"मग काय करायचं?"

"वाट पाहायची."

"कशाची? श्रावण संपता संपता समिती बसेल!"

"तोपर्यंत तो फुलेल," बाई म्हणाल्या, आणि याहून अधिक काही सांगेनात.

त्यानंतर त्या अधूनमधून प्रयोगशाळेकडे जात. स्वप्नालीला संस्कृत शिकायचे आहे, असे निमित्त काढले होते. मागच्या बाजूने येताना योगेंद्रांच्या खिडकीवरून एक नजर टाकत. दोन कोंबांचे दोन वेल झाले होते. त्यांच्या पानांना एक विलक्षण खोड होती: प्रत्येक पानाचे टोकच वळून गजाला धरत होते. योगेंद्रांनी ते उपटले नाहीत. पावसाळ्यात खिडकीवर चढणाऱ्या हिरव्या वेलाकडे कोण पाहतो? आणि ज्याने ती वनस्पती बाटलीतच पाहिली, त्याने ती ओळखावी कशी?

६

समितीच्या दिवशी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. प्राचार्य होते, दोन बाहेरचे प्राध्यापक होते, पोलीस अधिकारी होते. बाईंच्या आग्रहावरून हिंमतराव, भिकुबाई आणि हेमकांत रनाळ्याहून आले होते. मयूरी एका टोकाला बसली होती. मधे तीन रिकाम्या खुर्च्या सोडून तिचे घर.

बाईंनी प्रथम डब्याची हकीकत सांगितली. भिकुबाईंनी आपला शब्द दिला, हिंमतरावांनी आपला. 'साल' हा शब्द दोघांच्या तोंडून उलट्या अर्थाने ऐकून हेमकांत ताठ बसला.

"साल का काढली गेली?" बाई म्हणाल्या. "कारण रताळ्याची साल लाल असते आणि लांगलीची तपकिरी. सालीसकट दोन्ही एका डब्यात वेगळी दिसली असती. म्हणून सगळीच सोलली. एकादशीला मयूरीच्या डब्यात रताळेच असते, हे इथे रोज वावरणाऱ्याला ठाऊक असणार. त्याने कंदाचा मधला भाग घरी उकडून आणला आणि डब्यात मिसळला."

"तर्क सुंदर आहे," योगेंद्र म्हणाले. "पण बाई, गोणी कोणाच्या हाताखाली असते, तेही सांगा. कंद रोज चिरतं कोण?"

स्वप्नाली पांढरी पडली.

"तीच," बाई शांतपणे म्हणाल्या. "स्वप्नाली, कंदाची टोके तू जाळतेस. का?"

"बाई, फेकली तर रुजतात ना. डोळा टोकालाच असतो. पहिल्या वर्षी मी मागे फेकली होती, तर पावसाळ्यात सगळीकडे वेल. ढोर-जनावरानं खाल्लं तर मरेल, म्हणून मॅडम रागावल्या होत्या."

"आता सर्वांनी माझ्यासोबत यावे."

इमारतीला वळसा घालून सगळे मागे गेले. योगेंद्रांच्या खिडकीच्या गजांवर वेल चढला होता, आणि त्याला फूल आले होते. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा नागमोडी, खाली पिवळ्या आणि टोकाशी लाल. अग्निशिखा हे लांगलीचे दुसरे नाव किती यथार्थ आहे, हे त्या क्षणी कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

"कळलावी," हेमकांत पुटपुटला.

योगेंद्रांचा चेहरा मात्र निश्चल राहिला. "रानटी वेल आहे. एखाद्या पक्ष्यानं बी टाकलं असेल."

"बियापासून आलेला वेल पहिल्या वर्षी फुलत नाही," मयूरी म्हणाली. किती दिवसांनी ती प्रयोगशाळेतल्या आवाजात बोलत होती. "त्याला दोन-तीन पावसाळे लागतात. हा कंदापासून आलाय."

"मग उकरून पाहू," बाई म्हणाल्या.

हेमकांत पुढे झाला. केळीच्या बुंध्याशेजारचे पिल काढणाऱ्या सराईत हाताने त्याने मुळाभोवतीची माती मोकळी केली आणि दोन्ही वेल अलगद वर घेतले. प्रत्येकाच्या बुडाशी कंदाचा एक आखूड फाटा होता. मागची बाजू दोन्हींची सपाट, सरळ रेषेत छाटलेली. छेद सुकून तपकिरी झालेला. हेमकांतने ते दोन फाटे शेजारी धरले. मधे हातभर नव्हे, वीतभर जागा सोडली असती, तर तिथे एक नांगर पुरा झाला असता.

"पक्षी सुरी वापरत नाही, डॉक्टरसाहेब," वत्सलाबाई म्हणाल्या.

पागोळीचे थेंब पडत राहिले.

"आपण मला म्हणालात, कच्चा कंद कधी हातात घेतलेला नाही," बाई पुढे म्हणाल्या. "त्या एका वेळेखेरीज ते वाक्य खरेच होते. स्वप्नालीने हे केले असते, तर टोके जाळली असती. मयूरीने केले असते, तरी जाळली असती. खिडकीतून ओल्या मातीत ती फेकणारा माणूस असाच हवा, की ज्याला या विषाचे सारे गुण ठाऊक आहेत आणि त्याच्या वनस्पतीचा एकही नाही. आपल्याला वाटले, छाटलेला तुकडा मेला. जिवंत भाग तेवढाच होता."

योगेंद्रांनी खिडकीच्या गजाला हात लावला. जणू तो वेल अजून तिथे आहे का, हे पाहत होते. "तिनं मला आषाढापर्यंतची मुदत दिली होती," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "किती सौजन्यानं दिली! ओरडली असती, तर बरं झालं असतं." मग पोलीस अधिकाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

हिंमतराव त्या छाटलेल्या फाट्यांकडे टक लावून पाहत होते.

"बेटा," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते मुलीशी थेट बोलत होते. "हाई इख सगळासन्या पेशी थांबाडस, तं मंग ह्या वेलन्या कसा नई थांबनात?"

मयूरीने वळून पाहिले. प्रश्न योग्य होता. इतका योग्य, की बाहेरून आलेल्या प्राध्यापकांपैकी एकाने मान डोलावली.

"तेन्हा दोर येगळा ऱ्हातस, आप्पा," ती म्हणाली. "तेन्हंच इख तेले धरी सकत नई."

७

भाद्रपदातल्या एकादशीला वत्सलाबाई रनाळ्याला गेल्या. मयूरी पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाली होती. भिंतीवरची ती दोन छायाचित्रे तिने स्वतः उतरवली होती, आणि त्या जागी काही लावले नव्हते. हेमकांतने बहिणीची क्षमा शब्दांनी मागितली नाही. त्याने आदल्या दिवशी केळीचा पहिला घड नंदुरबारला नेऊन प्रयोगशाळेच्या फडताळात ठेवला, आणि फडताळाला स्वतः दार बसवून आला.

ओट्यावर हिंमतराव रुमाल काढून बसले होते. डोक्यावर बारीक, मऊ, नवे केस दिसत होते. पेरलेल्या शेतात पहिला हिरवा रंग यावा तेवढेच. भिकुबाईंनी उकडलेल्या रताळ्यांची परात मधे आणून ठेवली. लाल, ओलसर, सालीसकट.

मयूरीने आपले रताळे उचलले आणि वडिलांपुढची परात तशीच राहू दिली. गेले काही दिवस ते तिच्याशी बोलत, हसत. पण तिच्या हातचे काही घेण्याची वेळ दोघेही टाळत आले होते. न्याय मिळाला होता. विश्वास हे निराळे सूत्र आहे. ते दोन्ही बाजूंनी बांधले जावे लागते, आणि तिथे घाई चालत नाही.

भिकुबाई पाणी आणायला आत गेल्या. बाईंनी मुद्दामच अंगणातल्या तुळशीकडे नजर वळवली.

हिंमतरावांनी परातीतले एक रताळे घेतले. एरवी सालीसकट खाणाऱ्या त्या माणसाने ते हातात उलटसुलट फिरवले. मग हात लांब करून ते मुलीच्या ओंजळीत ठेवले.

"हाई ले, बेटा," ते म्हणाले. "सोलीसन दे माले."